पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणावेत का? व्हीलचेअर आणि पांढरी काठी या दोन्हींची सोय एकत्र कशी साधावी?

प्रश्न

मी रस्त्यांची आखणी करणाऱ्या एका गटात काम करते. सध्या आमच्यासमोर वर्दळीच्या एका रस्त्याचा नवा आराखडा आहे. पदपथाची कड पूर्णपणे काढून टाकावी आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींमधली सगळी जागा एकाच पातळीवर आणावी, असा त्यात प्रस्ताव आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना किंवा कुबड्या घेऊन चालणाऱ्यांना कोठेही पायरी आडवी येणार नाही आणि रस्ता नेमका कोणाचा हे स्पष्ट नसल्यामुळे वाहनचालकही जपून जातील, हा त्यामागचा विचार मला पटला होता. परंतु आराखडा पाहण्यासाठी बोलावलेल्या एका अंध गृहस्थांनी आम्हाला विचारले, "पदपथ संपला हे माझ्या काठीला कशावरून कळणार?" आमच्यापैकी कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही.

एकाला कड नको आणि दुसऱ्याला कड हवी, अशा वेळी कोणाच्या गरजेला प्राधान्य द्यावे, की दोघांनाही सुरक्षित वाटेल अशी रचना शक्य आहे? स्वतः असे रस्ते वापरणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी जन्मापासून अंध आहे आणि इतर अंध व्यक्तींना काठीच्या आधाराने स्वतंत्रपणे फिरण्याचे प्रशिक्षण देतो. त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. पदपथाची कड आम्हाला दोन गोष्टी सांगते: सुरक्षित जागा कोठे संपते आणि रस्ता कोणत्या दिशेने जातो. काठी कडेला लागली की मी तिच्या रेषेवरून माझी दिशा ठरवतो आणि मगच रस्त्यात पाऊल टाकतो. कड नाहीशी केली, तर या दोन्ही खुणा एकदम जातात आणि आपण वाहनांच्या वाटेत आलो आहोत हे हॉर्न वाजल्यावरच समजते.

सगळी जागा एकाच पातळीवर आणण्याची कल्पना चालक आणि पादचारी एकमेकांच्या नजरेला नजर देऊन वाट काढतील, या गृहीतकावर उभी आहे. ज्याला दिसतच नाही, त्याला त्या व्यवहारात स्थान उरत नाही. ब्रिटनमध्ये असे बरेच रस्ते झाल्यानंतर अंध व्यक्तींच्या संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला आणि अखेर २०१८ मध्ये तेथील सरकारने स्थानिक संस्थांना अशा नव्या योजना थांबवण्यास सांगितले. कड किती उंच असली म्हणजे काठीला आणि पायाला खात्रीने कळते, याच्या चाचण्याही तेथे झाल्या आहेत. त्यांतून ६० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उंची भरवशाची असल्याचे दिसले. त्याहून कमी उंचीची कड घाईत चालताना सहज निसटते.

अर्थात जेथे रस्ता ओलांडायचा असतो, तेथे कड उतरवावीच लागते. कडेची अनुपस्थिती भरून काढण्यासाठी टॅक्टाइल फरशी, म्हणजे काठीला आणि पायाला स्पर्शाने कळणारी उंचवट्यांची फरशी, असते. जपानच्या सेइइची मियाके यांनी ती तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा येथील अंधशाळेजवळ ती प्रथम बसवली गेली. तिचे दोन प्रकार आहेत आणि ते कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. लांब उंचवटे असलेली फरशी "या दिशेने चला" असे सांगते, तर गोल उंचवट्यांची फरशी "थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे" असे सांगते. काही ठिकाणी केवळ शोभेसाठी दोन्ही सरमिसळ करून लावलेल्या असतात. लांब उंचवट्यांची पट्टी सरळ विजेच्या खांबावर नेऊन सोडलेलीही मी अनुभवली आहे. अशा पट्टीपेक्षा ती नसलेली बरी, कारण निदान तिच्यावर विश्वास ठेवून कोणी आपटत नाही. इशारा देणारा पट्टा चालण्याच्या दिशेने सुमारे ६०० मिलिमीटर रुंद हवा, नाही तर लांब टांग टाकणारा माणूस तो ओलांडून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्याचा रंगही भोवतालच्या फरशीपासून ठळक वेगळा असावा. ज्यांना अंधूक दिसते अशा पुष्कळ लोकांना रंगातल्या फरकाचाच आधार असतो.

चौकाबद्दल एक आग्रहाची सूचना आहे. कोपऱ्याच्या बरोबर टोकावर एकच तिरका उतार देऊ नका. तो उतरणाऱ्याला चौकाच्या मध्यभागी नेतो. प्रत्येक दिशेच्या झेब्रा क्रॉसिंगसमोर स्वतंत्र उतार असावा.

प्रतिसाद २

मी व्हीलचेअर वापरते आणि कड ठेवण्याला माझा मुळीच विरोध नाही. आमच्या नावावर कड काढून टाकण्याचे प्रस्ताव येतात याचेच मला वाईट वाटते. मला पदपथावरून कोठूनही रस्त्यात उतरायचे नसते. जेथे ओलांडायचे तेथे नीट उतार मिळावा आणि तो पलीकडच्या उतारासमोर यावा, एवढेच मागणे असते. उलट कड असली, तर वाहने पदपथावर चढत नाहीत, आणि ते मलाही हवेच आहे.

खरी अडचण उताराच्या बारकाव्यांत असते. १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) हे प्रमाण सर्वांना पाठ असते, पण त्याचा हिशेब कागदावर फारसा कोणी मांडत नाही. कड १५० मिलिमीटर उंच असेल, तर उतार १.८ मीटर लांब होतो. पदपथच तेवढा रुंद असेल, तर उतार त्याची सगळी रुंदी खातो आणि ज्याला रस्ता ओलांडायचा नाही, सरळ पुढे जायचे आहे, त्यालाही त्या तिरक्या पृष्ठभागावरून जावे लागते. आडव्या उतारावर खुर्ची सारखी रस्त्याकडे ओढली जाते. एका हाताने चाक रोखून धरायचे आणि दुसऱ्याने जोर लावायचा, अशी कसरत करावी लागते आणि काही अंतरातच खांदा भरून येतो. म्हणून पदपथाचा आडवा उतार १:५० च्या आत ठेवावा. उतारासाठी जागा अपुरी असेल, तर कोपऱ्यावरचा संपूर्ण पदपथच हळूहळू खाली आणावा.

उतार जेथे रस्त्याला मिळतो, तेथला सांधा प्रत्यक्ष गुडघे टेकून पाहावा. माझ्या खुर्चीची पुढची चाके लहान असतात. डांबराचा थर वाढून तेथे दोन बोटांचा उंबरठा तयार झाला, की ती चाके अडतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. मी मात्र वेगात पुढे झुकलेली असते. जपानमध्ये अंध आणि व्हीलचेअर वापरणारे या दोघांचा विचार करून क्रॉसिंगपाशी २ सेंटिमीटरची कड ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ती तडजोड समजण्यासारखी आहे, पण हातात ताकद कमी असलेल्या व्यक्तीला तेवढी उंचीही जड जाते. माझ्या मते सांधा पूर्ण सपाट असावा आणि सूचना देण्याचे काम टॅक्टाइल फरशीने करावे. तिच्या उंचवट्यांवरून जाताना खुर्ची थोडी थरथरते, ज्यांच्या पाठीला दुखणे आहे त्यांना त्याचा त्रासही होतो, परंतु तो पट्टा अरुंद असतो आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाचा जीव वाचतो.

उताराच्या पायथ्याशी पावसाळी गटाराची जाळी मुळीच नको. ती टाळताच येत नसेल, तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद असाव्यात. तसेच दुचाकी शिरू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमध्ये किमान ९०० मिलिमीटर अंतर सोडावे. दुचाकी अडवण्याच्या नादात अनेक ठिकाणी आम्हालाच अडवले गेले आहे.

प्रतिसाद ३

मी स्थापत्य अभियंता आहे. वरील दोन्ही प्रतिसाद एकत्र वाचले, तर आपला पेच बराचसा सुटतो, असे मला वाटते. रस्त्याच्या लांबीभर कड ठेवा आणि ओलांडण्याच्या जागी पदपथ खाली आणण्याऐवजी रस्ताच पदपथाच्या पातळीवर उचला. असे उंच क्रॉसिंग वाहनांचा वेग हमखास कमी करते आणि व्हीलचेअरला चढउतार राहत नाही. मात्र पाण्याचा निचरा आधी सोडवावा लागतो, कारण उचललेल्या भागाच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी तुंबते.

सिग्नलचा वेळही तपासावा. बऱ्याच ठिकाणी पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. १४ मीटर रुंद रस्ता त्या वेगाने सुमारे १२ सेकंदांत पार होतो, पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला साडेसतरा सेकंद लागतात. वेळ वाढवता येत नसेल, तर मध्ये थांबण्यासाठी व्हीलचेअर मावेल एवढे बेट द्यावे.

आणखी एक गोष्ट म्हणजे केबल किंवा जलवाहिनीसाठी पदपथ खोदणाऱ्याने टॅक्टाइल फरशी जशी होती तशीच परत बसवावी, अशी स्पष्ट अट खोदाईच्या परवान्यात घाला. चांगल्या रचनेची सर्वाधिक नासाडी त्या टप्प्यावर होते आणि तोवर मूळ कंत्राटदाराची जबाबदारी संपलेली असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कड काढण्याचा प्रस्ताव मागे घ्यावा, असे मी गटाला सुचवणार आहे. एक शंका उरते. उंच क्रॉसिंगवर रस्ता आणि पदपथ पुन्हा एकाच पातळीवर येतात. मग अंध व्यक्तींची मूळ अडचण तेथे परत उभी राहत नाही का?

प्रतिसाद १ कडून उत्तर

राहते, आणि म्हणूनच तेथे गोल उंचवट्यांचा पट्टा क्रॉसिंगच्या पूर्ण रुंदीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवा. मधल्या भागात पट्टा आणि बाजूला साधी फरशी असे झाले, तर काठी त्या फटीतून निसटते. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना जेथे कड पुन्हा सुरू होते, तेथवर पट्टा भिडला पाहिजे. सिग्नल असेल, तर ध्वनीबरोबरच स्पर्शाने कळणारी खूणही ठेवावी. ब्रिटनमध्ये सिग्नलच्या बटणाच्या पेटीखाली एक छोटा शंकू असतो आणि पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला की तो फिरू लागतो. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना बोटांनी तेवढे कळते.

फरशी कायमची बसवण्यापूर्वी तात्पुरत्या स्वरूपात पट्टा आखून तेथे काठी वापरणारे, व्हीलचेअर वापरणारे आणि अंधूक दिसणारे अशा सर्वांना एकाच वेळी बोलवा. ही मंडळी वेगवेगळ्या दिवशी आली, तर प्रत्येक जण आपापली अडचण सांगून जाईल आणि निवाडा पुन्हा तुमच्यावरच येईल. एकत्र आली, तर पट्टा कोठे संपावा आणि उतार कोठे सुरू व्हावा, हे ती जागेवरच आपसांत ठरवतील.