जो यबुकीचा शेवट: आशा की पराभवावर घातलेली झूल?

कोपऱ्यातला
‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धावरची जपानी चित्रकथा वाचून संपवलेल्या इथल्या एका सदस्यांनी काल लिहिले की, वाचकाला इतकी वर्षे अंधारातून फरफटत नेऊन शेवटी नायकाला हरवायचे आणि वर त्याला आशावाद म्हणायचे, ही शुद्ध फसवणूक आहे. दुर्लक्ष करणार होतो. पण ‘फसवणूक’ हा शब्द रात्रभर डाचत राहिला. १९६८ साली सुरू झालेली ही कथा १९७३ मध्ये संपते, तेव्हा जगज्जेत्या होसे मेंडोझाशी १५ फेऱ्या झुंजून नायक जो यबुकी गुणांवर हरतो, हातमोजे त्याच्यावर जीव असलेल्या योकोच्या स्वाधीन करतो आणि कोपऱ्यात बसल्या जागी हसत राहतो. जो सुधारगृहात असताना त्याचा प्रशिक्षक दानपेई याने पोस्टकार्डांवर धाडलेले ‘उद्यासाठी’चे धडे ज्याने वाचले आहेत, त्याला त्या हसण्यात केवळ पराभव दिसावा, याचे मला नवल वाटते. आपल्यालाही उद्या असतो, हे त्या पोराला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

रोखठोक
ते सदस्य म्हणजे मी. नाव घेतले असते तरी चालले असते. उद्याचे धडे देणाऱ्या कथेने नायकासाठी उद्याच शिल्लक ठेवला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. मेंदूला इजा झाल्याची लक्षणे दिसत असताना आणि योको विनवण्या करत असताना तो रिंगणात उतरतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

माजी बॅन्टम
शेवटाचे राहू द्या, जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी याच्याबद्दल कोणीच का बोलत नाही? जोच्या वजनगटात त्याच्याविरुद्ध लढता यावे म्हणून तो अमानुष रीतीने वजन उतरवतो, जिंकतो आणि कोसळून मरतो. १९७० साली वाचकांनी त्या काल्पनिक माणसाचा खराखुरा अंत्यविधी केला, सुमारे ७०० जण जमले! मी एकोणिसाव्या वर्षी स्पर्धेपूर्वी ४ दिवसांत ५ किलो उतरवले होते. शेवटच्या रात्री जीभ टाळूला चिकटली होती, आणि वजनकाट्यावरून उतरताच मी भोवळ येऊन पडलो. प्रशिक्षक म्हणाले, ‘वजन बसले ना?’ त्यामुळे ही भक्ती मला झेपत नाही.

कोपऱ्यातला
आपला अनुभव खरा आहे. परंतु तो कथेवर लादू नका. तहानेने वेडापिसा झालेला रिकिइशी नळ उघडायला धावतो, तर नळ तारेने बांधलेले असतात. योको कोमट पाणी पुढे करते आणि तो आभार मानून ते ओतून टाकतो. हा गौरव आहे की भीषणता, हे वाचकाने ठरवायचे आहे.

माजी बॅन्टम
ओतून टाकले, म्हणूनच तर तो वाचकांचा देव झाला! मी त्या रात्री चोरून दोन घोट प्यायलो होतो. माझा अंत्यविधी कोणी केला नसता.

रोखठोक
हेच मी सांगतो आहे. १९८२ मध्ये दुक कू किम हा कोरियन मुष्टियोद्धा लढतीतल्या माराने दगावला, तेव्हा जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या. खऱ्या खेळाला लाज वाटली. कथेचे चाहते मात्र त्या पंधराव्या फेरीलाच कवटाळून बसले आहेत.

कोपऱ्यातला
कथा १९७३ मध्येच संपली होती, महाशय. नंतरच्या नियमावलीने तिला शिक्षा देता येणार नाही. शिवाय जो मेला, असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही.

रोखठोक
बरे, मेला म्हणणार नाही. मात्र त्या पानावर आपल्याला जी आशा दिसते, तीही तिथे लिहिलेली नाही. तेव्हा गुणांवर मी हरलो असे हवे तर नोंदवा आणि हातमोजे कोणाकडे द्यायचे तेवढे सांगा.