न्यूझीलंड साऊथ आयलंड: १६ दिवस, स्वतः गाडी चालवत. मार्ग आणि गाडीबद्दल सल्ला हवा

डोंगरकडा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १६ दिवस (१५ रात्री) हातात आहेत. आम्ही पाच जण: नवरा-बायको, सत्तरीच्या आसपासचे आईबाबा आणि सहा वर्षांचा मुलगा. गाडी आम्ही दोघंच चालवणार. मोठ्या बॅगा चार.

कच्चा आराखडा असा: ऑकलंडला उतरायचं, रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरीबोटीने पिक्टन, तिथून वेस्ट कोस्टने ग्लेशियर, वानाका, क्वीन्सटाऊन, तिथून एका दिवसात मिलफर्ड साऊंड (उंच कड्यांमधे शिरलेली समुद्राची खाडी, बोटीतून बघतात) करून परत, मग माउंट कुक, टेकापो आणि क्राइस्टचर्चहून परतीचं विमान.

प्रश्न:
१. हे १६ दिवसांत बसतं का?
२. महाराष्ट्राचं लायसन्स चालतं की इंटरनॅशनल परमिट काढावंच लागतं?
३. कॅम्परव्हॅन की साधी गाडी आणि मोटेल?
४. मुंबई-पुणे आणि कोकणातले घाट चालवायची सवय आहे. तिथे वेगळं काय असतं?
५. आई बाहेरचं फार खात नाही. जेवणाचं काय करावं?

---

तिसरा गिअर

बसवलं तर बसतं, पण निम्मे दिवस गाडीत जातील. नॉर्थ आयलंड काढून टाका. ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किमीच्या आसपास, त्यात रोटोरुआचा वळसा, मग साडेतीन तासांची फेरीबोट. दोन बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीत वारा सुटला की बोटी उशिरा निघतात, कधी रद्दही होतात. तिथे एक दिवस गेला की पुढची सगळी बुकिंगं कोसळतात.

नकाशातलं किमी बघून दिवस आखू नका. तिथले बहुतेक हायवे दोनपदरी आहेत, मधे दुभाजक नाही. उघड्या रस्त्यावर मर्यादा १०० असली तरी डोंगरात सरासरी ६०-६५ पडते, आणि आईबाबा बरोबर असले की दर दीड तासाला थांबणं आलंच. गूगलने दाखवलेल्या वेळेच्या सव्वापट धरा आणि एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका.

क्वीन्सटाऊनहून मिलफर्ड एका दिवसात करणं हीच त्या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक. एका बाजूचं अंतर २८५-२९० किमी, म्हणजे जाऊन-येऊन आठ तास स्टिअरिंग, वर दोन तासांची बोट. परतताना थकलेला ड्रायव्हर. ते अनाउला (टे अनाऊ म्हणतात तेच) राहा. तिथून मिलफर्ड १२० किमीच्या आत, दोन तास.

मी असं लावलं असतं, क्राइस्टचर्चलाच उतरून आणि तिथूनच परत:

क्राइस्टचर्च १ रात्र, टेकापो १ (२२५ किमी), माउंट कुक २ (१०५ किमी), क्वीन्सटाऊन २ (२६० किमी, लिंडिस पासवरून), ते अनाउ ३ (१७० किमी), वानाका २, फॉक्स किंवा फ्रान्झ जोसेफ २ (ग्लेशियरजवळची गावं, वानाकाहून २६० किमीच्या आसपास, हास्ट पासवरून), होकिटिका १, क्राइस्टचर्च १ (आर्थर्स पासवरून २५० किमी).

ते अनाउला तीन रात्री जास्त वाटतील, पण त्या मुद्दाम आहेत. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. फरक इतकाच की तो चार महिन्यांत पडून संपत नाही, बाराही महिने वाटून पडतो. दोन पूर्ण दिवस हातात असले की बोट पुढेमागे करता येते, म्हणून बदलता येणारं तिकीट घ्या. साधा पाऊस असेल तर मात्र जाच. कोरड्या दिवशी तिथे दोन-तीन मोठे धबधबे असतात, पावसात अख्खा कडा वाहतो. रद्द करायचं ते फक्त रस्ता बंद असेल तर.

पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. मुंबईहून बदलत्या विमानांनी वीस तासांच्या वर प्रवास होतो आणि नोव्हेंबरात घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. एक झोप काढून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या, एका दिवसाचं भाडंही वाचतं.

---

कागदपत्रे तयार

प्रश्न २. आपल्या स्मार्ट कार्डावर सगळं इंग्रजीत छापलेलं असतं, त्यामुळे कायद्याने तेवढं पुरतं. तरीही इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. काही भाड्याच्या कंपन्या मागतात आणि काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. सारथी पोर्टलवरून अर्ज, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. फक्त परमिट मात्र चालत नाही, मूळ कार्ड बरोबर हवंच. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिथे कोणी ग्राह्य धरत नाही. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात आधी घाला. नाव नसलेला माणूस चालवत असताना काही झालं तर विमा हात वर करतो.

क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं, प्रत्यक्ष कार्ड लागतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, मर्यादाही वाढवा. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात, शिवाय काही पेट्रोल पंपांवर कार्ड घातल्याबरोबर भरलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त रक्कम तात्पुरती रोखली जाते. फॉरेक्स कार्डावर ती सुटायला काही दिवस जातात, म्हणून पंपासाठी क्रेडिट कार्डच वापरा किंवा आत जाऊन पैसे द्या.

विम्यात "एक्सेस शून्य" (नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा वाटा शून्य) घेतला तरी करार वाचा. टायर, पुढची काच आणि गाडीचा खालचा भाग वेगळा धरलेला असू शकतो. क्वीन्सटाऊनजवळच्या स्किपर्स रोडसारख्या रस्त्यांवर भाड्याची गाडी नेली तर विमा लागूच होत नाही.

मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणजे चाइल्ड सीट सक्तीची (सातवा वाढदिवस होईपर्यंत). बुकिंग करतानाच मागा.

आणि गाडीचा आकार. पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा नेहमीच्या एसयूव्हीत मावत नाहीत. डिकीत दोन उभ्या, फार तर तीन. सात सीटर घेऊन मागची रांग पाडा, किंवा बॅगा दोनवर आणा. बॅगा मागच्या सीटवर दिसत ठेवून गाडी पार्क करू नका, पर्यटनस्थळांच्या पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात.

---

सरळ रेष

प्रश्न ४ वर सविस्तर लिहितो, कारण "तिथेही डावीकडूनच चालवतात, मग काय!" या भरवशावर लोक जातात. बाजू तीच आहे, सवयी उलट आहेत.

एकपदरी पूल. वेस्ट कोस्टला हे पावलोपावली लागतात. पुलाआधी पाटीवर दोन बाण असतात. लाल काठाच्या गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर तुम्हाला आधी हक्क, तरी वेग कमी करून पलीकडे नजर टाका. हास्ट नदीवरचा पूल सातशे मीटरच्या वर लांब आणि एकपदरी आहे. त्यात मधे बाजूला थांबायला रुंद जागा ठेवल्या आहेत, समोरून कोणी आधीच पुलावर असेल तर तिथे थांबा.

डिपर. आपल्याकडे डिपर मारला की "मी येतोय, थांब" असा अर्थ होतो. तिथे पुलाच्या तोंडाशी समोरच्याने दिवे चमकवले तर तो बहुधा "या तुम्ही" म्हणत असतो. दोघंही आपापल्या अर्थाने निघाले तर पुलाच्या मध्यावर भेट. म्हणून डिपर विसरा, पाटी वाचा. हॉर्नही विसरा, तो तिथे शिवीसारखा ऐकू येतो.

वळणाआधीची पिवळी पाटी. त्यावर काळ्या अक्षरांत २५, ३५, ४५, ६५ असे पाचने संपणारे आकडे असतात. ती कायदेशीर मर्यादा नाही, त्या वळणाला सोसेल असा वेग आहे. आपल्या घाटातल्या पाट्यांसारखी ही शोभेची नसते. ३५ लिहिलं असेल तर वळण खरोखर ३५ चं आहे.

मधली पिवळी सलग रेघ तुमच्या बाजूला असेल तर ओव्हरटेक नाही, समोर दोन किमी रिकामं दिसलं तरी नाही. आणि तुमच्या मागे गाड्या साचल्या असतील तर जागा मिळताच डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. हळू चालवणं गुन्हा नाही, मागे रांग लावून चालणं मात्र लोकांना खटकतं, आणि मग कोणीतरी वैतागून भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतो. फोटोसाठीही रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी डांबरावर ठेवून थांबू नका. टेकापो, लिंडिस पास सगळीकडे थांबण्याच्या जागा केलेल्या आहेत.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. "स्टॉप" लिहिलं असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी.

क्वीन्सटाऊन-वानाका क्राउन रेंजवरून ७० किमीच्या आत आहे, पण चढ तीव्र आणि वळणं नागमोडी. न्यूझीलंडच्या मुख्य डांबरी रस्त्यांत सर्वांत उंच हाच. तुमचा मार्ग ते अनाउहून वानाकाला आहे, तेव्हा आईबाबांना गाडी लागत असेल तर क्रॉमवेलवरून जा. अंतर थोडं जास्त, रस्ता सोपा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालचा गिअर घेता येतो, तो कसा घ्यायचा ते गाडी घेतानाच विचारून ठेवा.

---

डोंगरकडा

नॉर्थ आयलंड काढलं. बायको दोन दिवस रुसेल, हरकत नाही. कॅम्परव्हॅन आणि जेवणाबद्दल कोणी सांगेल का? वेस्ट कोस्टला पेट्रोल आणि मोबाइल रेंज कशी असते?

---

फोडणी कमी

कॅम्परव्हॅन पाच जणांत नको. सहा बर्थची गाडी सात मीटर लांब असते, रोज संध्याकाळी टेबल मोडून गाद्या लावायच्या, सकाळी परत उचलायच्या, आणि सत्तरीच्या माणसाने रात्री शिडी चढायची. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या डम्प स्टेशनवर स्वतः रिकामी करावी लागते. शिवाय "कुठेही थांबा, फुकट राहा" हा समज जुना झाला. आता प्रमाणित, आत बसवलेलं टॉयलेट असलेलीच गाडी चालते, तीही परवानगी असलेल्या जागीच. डिझेल गाड्यांवर किमीप्रमाणे रस्ता-कर वेगळा लागतो, भाड्याची तुलना करताना तो धरा.

मोटेलमध्ये "किचन असलेलं युनिट" शोधा. दोन खोल्या, शेगडी, फ्रिज, भांडी असं सगळं असतं. हॉलिडे पार्कमधली केबिनही चालेल, तिथे सामाईक स्वयंपाकघर असतं. तांदूळ, डाळ, पीठ क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांतून पहिल्याच दिवशी घ्या. माउंट कुक गावात सुपरमार्केट नाही, तिथली दोन दिवसांची भाजी-दूध टेकापोला किंवा ट्वायझेलला उरका. वेस्ट कोस्टवरच्या हास्ट गावातही फार काही मिळत नाही, वानाकाहून निघताना भरून घ्या.

फोडणीबद्दल नीट ऐका. मोटेलच्या खोलीत स्मोक अलार्म असतो. मोहरी-मिरची तडतडली, धूर वर गेला की तो बोंबलतो, आणि जिथे तो फायर ब्रिगेडला जोडलेला असतो तिथे बंब आल्याचं बिल पाहुण्याच्या माथी मारतात. आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका, लाल मिरची फोडणीत न घालता नंतर तिखट घाला. अलार्मवर पिशवी बांधायची आयडिया कोणी देईल, ती अजिबात करू नका.

घरून काय न्यायचं? विमानतळावरचं जैवसुरक्षेचं तपासणं कडक आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवासी घोषणापत्रात लिहायची: चकली, मसाला, चहा, विमानात वाचलेलं सफरचंदसुद्धा. लिहून दिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, "विसरलो" चालत नाही. मध नेऊच नका. घरचं तूप, पेढे, खव्याचं काही, बिया, ताजा कढीपत्ता हेही घरीच ठेवा. मसाले कंपनीच्या सीलबंद पाकिटातले न्या. ट्रेकिंगचे बूट असतील तर तळव्यातली माती ब्रशने धुऊन न्या आणि तेही घोषणापत्रात लिहा.

---

तिसरा गिअर

पेट्रोलचा नियम सोपा: टाकी अर्ध्यावर आली की भरायची. मिलफर्डला जाताना ते अनाउ सोडल्यावर मधे पंप नाही, तिथेच पूर्ण भरा. मिलफर्डला स्वतः कार्ड घालून भरायची सोय आहे, पण दर चढे. वानाका सोडताना भरा, मग हास्ट, मग फॉक्स. साध्या पेट्रोल गाडीला बहुतेक ठिकाणी ९१ ऑक्टेनचं लागतं, तरी टाकीच्या झाकणामागे काय लिहिलंय ते पाहा. नळीच्या रंगावरून ठरवू नका, डिझेल की पेट्रोल ते नाव वाचून ठरवा.

रेंज ते अनाउ-मिलफर्डमध्ये आणि हास्टच्या दोन्ही बाजूंना लांबवर धरूच नका. ऑफलाइन नकाशे आदल्या रात्री उतरवून घ्या. रस्त्याची स्थिती रोज सकाळी न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या साइटवर बघायची, निघाल्यावर नाही.

वेस्ट कोस्टला पर्यायी रस्ता नाही, हे लक्षात ठेवा. मार्च २०१९ मध्ये मुसळधार पावसात फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला आणि हायवे क्रमांक ६ काही आठवडे तुटला. इतकं दरवेळी होत नाही, पण दरड पडून एखादा दिवस बंद हे होत असतं. म्हणून फॉक्सच्या दोन रात्रींतली एक मोकळी धरा आणि वानाका ते होकिटिकाची बुकिंगं रद्द करता येतील अशीच घ्या. रस्ता बंदच राहिला तर वानाकाहून लिंडिस पासने उलटं क्राइस्टचर्च गाठता येतं.

मिलफर्ड रस्त्यावर मे ते नोव्हेंबर हिमकडे कोसळण्याचा धोका धरतात. तुमची तारीख त्याच्या शेपटाला येते. त्या दिवशी पाटीवर चेन (बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या) बाळगा असं असेल तर त्या ते अनाउमध्ये भाड्याने मिळतात. गाडीच्या चाकाचा आकार सांगून घ्या आणि बसवायची कशी ते दुकानातच एकदा करून बघा.

---

सरळ रेष

एक राहिलं. मिलफर्डच्या वाटेवरचा होमर बोगदा सव्वा किमीचा, आत तीव्र उतार. तिथल्या उन्हाळ्यात दिवसा सिग्नल लावून एकावेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात, त्यामुळे तोंडाशी काही मिनिटं थांबावं लागतं. तिथे किआ येतात, हिरवट रंगाचे डोंगरी पोपट. दिसायला गोड, पण बाकदार चोचीने खिडकीचं रबर, वायपरची पट्टी, अँटेना सोलून काढतात आणि ते नुकसान गाडी परत देताना तुमच्या नावावर लागतं. मुलाला आधीच सांगा: बिस्किट द्यायचं नाही, काच खाली करायची नाही. टपावर बसला तर गाडी हळूच दोन हात पुढे घ्या, उडून जातो. आर्थर्स पास गावातही हाच प्रकार, तिथे चहाला थांबाल तर एकाने गाडीपाशी उभं राहावं.