मदत हवी आहे: इन्स्टाग्रामवरच्या जुन्या चौकोनी पोस्टर्सचं काय करावं?

बचत गटाच्या फराळाचं पेज आहे. 2025 च्या जानेवारीत प्रोफाइलचं ग्रिड (पेज उघडल्यावर दिसणारी पोस्टच्या छोट्या चित्रांची जाळी) चौकोनीऐवजी 3:4 असं उभं झालं, तेव्हापासून 1080×1080 ची जुनी पोस्टर्स तिथे दोन्ही बाजूंनी कापलेली दिसतात. मधले 810 पिक्सेलच उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूचे 135 गेले. ‘भाजणीची चकली’चं ‘जणीची चक’ होतं आणि उजव्या कोपऱ्यातला भाव दिसतच नाही. भाव दिसला नाही तर गिऱ्हाईक पोस्ट उघडायची तसदी घेत नाही, म्हणून हे मनावर घेतलंय.

पोस्टवर बोट दाबून धरून प्रिव्ह्यू सरकवून पाहिला. एक कड वाचते, दुसरी जाते. पूर्ण चित्र बसवलं तर वर-खाली पट्टे येतात, अक्षरं बारीक होतात. रीलचा प्रश्न नाही: 1080×1920 च्या कव्हरवर वरचे-खालचे 240 पिक्सेल मोकळे सोडले की काम होतं.

पोस्टर्स साठेक आहेत. हाताशी अँड्रॉइड फोन आणि कॅनव्हाची मोफत आवृत्ती. पोस्ट डिलीट करायच्या नाहीत, खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत.

त्याऐवजी पोस्ट आर्काइव्ह केल्यास, म्हणजे न पुसता पेजवरून लपवून ठेवल्यास, व्हॉट्सअॅपवर आधी पाठवलेल्या लिंक उघडतात का? परत आणल्यावर पोस्ट जुन्या तारखेच्या जागीच बसते का? आणि तेच पोस्टर फेसबुकवरही जाणार असेल, तर नवीन साचा 1080×1350 चा धरावा की 1080×1440 चा?