नवा टॅब उघडल्यावर कर्सर अ‍ॅड्रेस बारऐवजी पानावरील शोधचौकटीत कसा आणावा?

नमस्कार.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवादाचे काम करतो. ज्या अडचणीबद्दल विचारतो आहे ती वरकरणी लहान असली, तरी दिवसातून शंभरेक वेळा तिच्याशी गाठ पडत असल्यामुळे ती आता सोडून देण्याजोगी राहिलेली नाही. कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबून ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडला की कर्सर नेहमी वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये जाऊन थांबतो. तो मला पानावरच्या शोधचौकटीत हवा आहे.

हे पान मी स्वतः तयार केलेले आहे. काही वर्षांत जमवलेल्या सुमारे तीन हजार पारिभाषिक शब्दांची यादी त्यात आहे. चौकटीत अक्षरे टंकू लागताच जुळणारे शब्द खाली दिसतात, आणि हवा तो शब्द मिळाला नाही, तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असलेल्या मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात तिथूनच शोध घेता येतो. नव्या टॅबच्या जागी हे पान आणण्याचे काम एका लहानशा एक्स्टेंशनने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पूरक प्रोग्रामने, झाले. पान येते, कर्सर मात्र येत नाही. अर्धे जुळलेले वाक्य मनात धरून मी सवयीने टंकू लागतो, ती अक्षरे अ‍ॅड्रेस बारमध्ये उमटतात, एंटर दाबताच शोधयंत्राचे पान समोर येते, आणि तोवर मनातले वाक्य विस्कटलेले असते.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवण्याचे आपले श्रम वाचतील.

चौकटीला एचटीएमएलमधील ‘ऑटोफोकस’ हा, पान उघडताच कर्सर तिथे आणणारा, गुणधर्म दिलेला आहे. बुकमार्कवरून पान उघडले तर तो व्यवस्थित चालतो, नव्या टॅबमध्ये चालत नाही. याचे कारण शोधल्यावर समजले की ही चूक नसून मुद्दाम केलेली योजना आहे: क्रोमच्या एक्स्टेंशनविषयक दस्तऐवजातच, नवा टॅब उघडल्यावर फोकस, म्हणजे कळफलकाचा ताबा, प्रथम अ‍ॅड्रेस बारकडेच जातो, त्यामुळे पानाने तो आपल्याकडे असेल असे गृहीत धरू नये, अशी सूचना आहे. फायरफॉक्समध्येही अनुभव तोच येतो. कोणत्याही पानाला अ‍ॅड्रेस बारमधून फोकस ओढून घेता आला, तर वापरकर्ता पत्ता टंकत असताना त्याची अक्षरे भलत्याच पानाच्या हाती लागतील, हा धोका मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु इथे पान माझे आहे आणि ते मीच निवडलेले आहे. निदान अशा वेळी निर्णय वापरकर्त्याकडे असावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रयत्न असा, की नव्या टॅबमधील पानाने उघडताक्षणी तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडायचे आणि स्वतःचा टॅब बंद करायचा. फायरफॉक्ससाठी असलेल्या ‘न्यू टॅब ओव्हरराइड’ या एक्स्टेंशनमध्ये फोकस पानाकडे देण्याची सोय आयती मिळते. एक्स्टेंशनला संगणकावरील फाइल थेट टॅबमध्ये उघडण्याची फायरफॉक्समध्ये परवानगी नसल्याने मी पान पायथनच्या साध्या सर्व्हरवर लोकलहोस्टला, म्हणजे माझ्याच संगणकावरील पत्त्याला, ठेवले. या मार्गाने कर्सर चौकटीत येतो खरा, पण क्षणभर उशिरा. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर भराभर टंकतो. त्या क्षणात पहिले अक्षर हरवते, ‘परिणाम’चा ‘रिणाम’ होतो आणि यादीत काहीच सापडत नाही. टंकण्यापूर्वी थांबायचे, हे मला अजून जमलेले नाही.

सध्या एफ६ ही कळ वापरून काम चालवतो. तिने फोकस पानाकडे जातो, आणि फोकस आल्याचे कळताच पानावरील जावास्क्रिप्ट कर्सर चौकटीत आणून ठेवते. फायरफॉक्समध्ये माझ्याकडे एकदाच दाबून भागते. क्रोममध्ये मधल्या पट्ट्यांवर थांबत जावे लागते. अक्षर मुळीच हरवत नसल्यामुळे हा उपाय मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, परंतु प्रत्येक शब्दामागे एक कळ जास्त लागते.

बुकमार्कला कीवर्ड, म्हणजे छोटा सांकेतिक शब्द, देऊन अ‍ॅड्रेस बारमधूनच शोध घेण्याची पद्धत मला माहीत आहे, आणि एकाच कोशात शोधायचे असेल तर ती उत्तम आहे. टंकता टंकता माझी यादी दिसण्याची सोय तिच्यात नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पान एकदा उघडल्यावर त्याच्या पत्त्याला प्रश्नचिन्ह आणि एखादे अक्षर जोडून ते तिथल्या तिथे पुन्हा लोड केले, की क्रोममध्ये फोकस पानाकडे येतो, अशी युक्ती वाचनात आली. सध्याच्या आवृत्तीत ती कोणी वापरत आहे का, आणि तिच्यातही पहिले अक्षर हरवते का? दुसरे असे, की फायरफॉक्सच्या ऑटोकॉन्फिग फाइलमधून (ब्राउझर सुरू होताना वाचतो त्या सेटिंग्जच्या फाइलमधून) नव्या टॅबचा पत्ता बदलता येतो; त्याच फाइलमधून टॅब उघडताक्षणी फोकस पानाला देण्याची व्यवस्था कोणी केली असल्यास तो कोड कृपया इथे द्यावा. संगणक माझा स्वतःचा आहे, त्यावर विंडोज ११ आहे आणि प्रशासकाचे अधिकार माझ्याकडेच आहेत, त्यामुळे फाइलींत बदल करण्यास अडचण नाही. दोन्हींपैकी कोणत्याही ब्राउझरमध्ये हे जमले, तरी मी कायमचा तो ब्राउझर वापरण्यास तयार आहे.