पिर्लोला मागे आणला तो मॅझोनेने

वर कोणीतरी लिहिलंय की इटलीच्या मिडफिल्डर पिर्लोला डिफेन्सच्या पुढ्यात खेळवायची आयडिया एसी मिलानच्या तेव्हाच्या कोच अँचेलोटीची, पण त्याच्या आधी ब्रेशिया क्लबच्या तेव्हाच्या कोच मॅझोनेचं नाव घ्यायलाच हवं. २००१ मध्ये इंटर क्लबने पिर्लोला लोनवर (उसना) ब्रेशियाला धाडलं, तिथे दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागच्या प्लेमेकरच्या जागेवर साक्षात रॉबर्टो बाज्जो, मग मॅझोनेने पिर्लोला खाली ओढलं आणि सगळं मैदान त्याच्या डोळ्यासमोर आलं. त्याच सीझनचा युव्हेंटसविरुद्धचा गोल बघाच राव, पिर्लोने मागून उचललेला लांबलचक बॉल, बाज्जोने खाली येता येता एकाच टचमध्ये युव्हेंटसचा गोलकीपर व्हॅन डर सारला चकवलं, मॅच १-१. मिलानमध्ये अँचेलोटीने पुढे त्याचं सोनं केलं हे शंभर टक्के मान्य. पण २०११ला मिलानने असा माणूस फुकटात जाऊ दिला हे अजून पचत नाही, युव्हेंटसने त्याला घेऊन लागोपाठ चार लीग मारल्या!