मदत हवी आहे: जोधपूरचे ज्वालामुखीचे खडक नीट बघायचे आहेत

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेरीस मी, नवरा आणि नववीतली लेक असे तिघं पुण्याहून जोधपूरला जातोय. राजवाडे, उंटावरची सफर, कचोरी कुठे खायची, याची माहिती भरपूर मिळाली. मला मदत हवी आहे ती दगडांसाठी. एका टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिथे दगड बघायला कोण जातं?" आम्ही जातोय.

मेहरानगड ज्या टेकडीवर उभा आहे ती ज्वालामुखीच्या खडकाची, रायोलाइटची, हे लेकीने वाचलं आणि घरात दुसरा विषयच राहिला नाही. याला मलानी अग्निज खडकसमूह म्हणतात. वय सुमारे ७५ कोटी वर्षं. आपला दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे हा त्याच्या दहापटीहून जुना! आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. आपल्याकडचा लाव्हा पातळ. तो भेगांतून वर येऊन लांबवर पसरत गेला, थरावर थर बसले, म्हणून सह्याद्री असा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मलानीच्या लाव्ह्यात सिलिका जास्त. असा लाव्हा घट्ट असतो, सहज वाहत नाही, आत वायू कोंडतात आणि स्फोट होतात. काही ठिकाणी राख इतकी तापलेली होती की खाली बसल्यावर तिचे कण दाबाने एकमेकांत वितळून चिकटले आणि त्यांचा पक्का दगड झाला. त्यालाच वेल्डेड टफ म्हणतात. जोधपूरच्या या टफला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे.

किल्ल्याजवळच असं आणखी एक स्मारक आहे, आणि माझा मुख्य प्रश्न त्याबद्दल आहे. तिथे मलानीच्या खडकावर थेट जोधपूरचा वालुकाश्म बसलेला आहे. खाली ज्वालामुखीचा खडक, वर पाण्याने आणून टाकलेली वाळू, आणि दोघांच्या मधे कोट्यवधी वर्षांचा काळ, ज्याचा एकही थर तिथे शिल्लक नाही. ही सांधरेषा नेमकी कुठून जवळून दिसते? किल्ल्यावर चढताना रस्त्यालगत, की खाली उतरून मागच्या बाजूला जावं लागतं? तिथपर्यंत जाऊ देतात का? लेकीला एक तळवा खालच्या दगडावर आणि एक वरच्यावर ठेवायचा आहे. तेवढं जमलं तरी माझी सहल वसूल.

दुसरं, राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. किल्ल्याला लागूनच आहे, सुमारे ७२ हेक्टर. झाडांचे अभ्यासक प्रदीप क्रिशन यांनी २००६ पासून तिथली वेडी बाभूळ काढून मरुभूमीतली मूळची झाडं परत लावली. बाभळीची मुळं खडकात घुसलेली, म्हणून ती काढायला दगडखाणीतले पिढीजात कारागीर बोलावले होते. ते हातोडीने खडक ठोकून नुसत्या आवाजावरून ओळखायचे की कुठे फोडायचा. हे वाचल्यापासून मलाही तिथे जायची घाई झाली आहे. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर तासभर चालतो, पण उतारावर त्रास होतो. तिथल्या पायवाटांपैकी त्याला कुठली झेपेल? जुन्या हाथी नहरीच्या घळीतून जाणारी वाट फार खडबडीत आहे का? आणि झाडांबरोबर खडकांचीही माहिती देणारा वाटाड्या मिळतो का? हिंदी चालेल.

शेवटचं, सिवाना. तिथे ग्रॅनाइट आणि रायोलाइटच्या टेकड्यांचं मोठं गोल कडं आहे, प्राचीन ज्वालामुखीचा अवशेष. जोधपूरहून गाडी करून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का? आणि रस्त्यावरून ते गोल लक्षात येतं, की सिवान्याच्या गडावर चढल्याशिवाय कळत नाही? गड चढावा लागणार असेल तर लेक आणि मीच जाऊ. तेव्हा गडाची चढण किती वेळाची आहे तेही कृपया सांगा.