हाफटोनला ‘अर्धछटा’ म्हणावं का? आणि ‘पीएनजी’ म्हणजे पारदर्शकच का?

शहादा : दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. त्यासाठी काळ्या टी-शर्टांवर घोड्याचा फोटो पांढऱ्या शाईत छापून घ्यायचाय. छपाईवाले म्हणाले, ‘हाफटोन करून पीएनजी पाठवा.’ हाफटोनला ‘अर्धछटा’ चालेल का? आणि पीएनजी म्हणजे बॅकग्राउंड काढलेलं चित्र, एवढंच ना?

धुळे : ताई, ‘अर्धछटा’ नको. हाफटोनमध्ये अर्धं काहीच नसतं. एखाद्या जागी शाई असते किंवा नसते. ठिपक्यांचा आकार कमीजास्त होतो आणि मधल्या छटा आपल्या डोळ्यांना भासतात. अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात रेघांच्या चित्राला ‘लाइन ब्लॉक’ आणि फोटोला ‘हाफटोन ब्लॉक’ म्हणत, तेव्हापासून हा शब्द छापखान्यात रुळलेला आहे. मराठीच हवा असेल तर मी ‘ठिपकेछटा’ म्हणेन.

पीएनजीचं मात्र जपून. ‘पोळ्याच्या बॅनरला बैलजोडीची पीएनजी आहे का?’ असं आपण सर्रास विचारतो, तेव्हा कापून काढलेलं चित्रच अभिप्रेत असतं. पण पीएनजी हा नुसता फाइलचा प्रकार. तिच्यात पारदर्शकता राहू शकते, असेलच असं नाही. जेपीजीत ती राहूच शकत नाही. शिवाय हाफटोनला घोड्यामागचं बॅकग्राउंड काढून भागत नाही, दोन ठिपक्यांमधली जागाही रिकामी लागते. काळ्या टी-शर्टवर घोड्याचा काळा भाग म्हणजे कापडच.

फोटोशॉपमध्ये फोटो आधी ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटा) करा, मग बिटमॅप (नुसते काळे-पांढरे पिक्सेल), आणि तिथे ‘हाफटोन स्क्रीन’ निवडा. ठिपका गोल, कोन 22.5 अंश, इंचाला ठिपक्यांच्या 45 ओळी. बिटमॅपमध्ये लेयरही नसतात आणि पारदर्शकताही नसते, म्हणून परत ग्रेस्केल आणि मग आरजीबी करावं लागतं. आता चॅनेल पॅनेलमध्ये कंट्रोल दाबून आरजीबीवर क्लिक केलं की सगळे पांढरे ठिपके निवडले जातात. नवीन लेयर घेऊन त्यात पांढरा भरा, खालचा लेयर बंद करा आणि पीएनजी सेव्ह करा. पांढऱ्या पिशवीवर काळी शाई असेल तर निवड आधी उलटी करून काळा भरायचा.

जळगाव : ‘पारदर्शक’ आणि ‘अर्धपारदर्शक’ हे दोन शब्दही वेगळे ठेवा. ‘कलर हाफटोन’ फिल्टरने ठिपक्यांच्या कडा मऊ होतात. तसंच कापलं की कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक राहतात. पडद्यावर ते खपून जातं. पण रंगीत चित्र डीटीएफवर (आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवायची पद्धत) छापलं तर त्या पिक्सेलांखालीही पांढरी शाई येते आणि गडद कापडावर ठिपक्याभोवती पांढुरकी किनार उमटते. त्यामुळे सांगताना ‘ठिपक्यांमधलं रिकामं आणि कडा कडक’ असं सांगावं. फाइल 800 टक्के मोठी करून बघितली की कड लगेच कळते.

शहादा : कडा चांगल्या आल्या, पण आयाळीचे केस ठिपक्यांत हरवले. 300 डीपीआय तर ठेवलं होतं.

धुळे : डीपीआय आणि ओळी एक नव्हेत. डीपीआय म्हणजे फाइलचे पिक्सेल, ओळी म्हणजे इंचातल्या ठिपक्यांच्या रांगा. आयाळीसाठी ओळी 55 करून बघा. फाइल 600 डीपीआयची ठेवा, म्हणजे बारीक ठिपकाही गोल राहील. त्याआधी छपाईवाल्यांना मेश, म्हणजे छपाईच्या जाळीत इंचाला धागे, किती ते विचारा. ओळींच्या साधारण 4 ते 5 पट धागे लागतात, म्हणजे 55 ओळींना इंचाला 220 ते 275. त्यांच्याकडे जाड मेश असेल तर 45 वरच थांबा आणि ग्रेस्केल असतानाच आयाळीचा कॉन्ट्रास्ट वाढवा.